चि. मुग्धास, एच-इंडेक्सबद्दल

चि. मुग्धास,


फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. ‘आत्या, माझा एच-इंडेक्स जेमतेम 7, मुलाखतीत मला कोण विचारणार?’ असं म्हणून तू विषयच बदललास. तुझ्या बाबाला या आकड्यातलं काही कळत नाही, मला थोडंफार कळतं. म्हणून लिहायला बसले.

तुझे 7 पेपर प्रत्येकी निदान 7 वेळा संदर्भाला घेतले गेले, एवढंच तो आकडा सांगतो. हे माप हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवलं. त्याच्या कितीतरी आधी, 1964 पासून, यूजीन गारफिल्ड यांचा सायटेशन इंडेक्स निघत होता, तो मुख्यतः एका पेपरवरून पुढचे पेपर हुडकण्यासाठी. माणसं जोखायला तो नंतर वापरू लागले. मी त्याला खोटं म्हणत नाही. कुठल्या तरी अनोळखी देशात कुणीतरी आपलं काम वाचून त्यावर पुढचं रचतंय, याचा आनंद कुणाला होत नाही? पण पेपरने पेपरची घेतलेली दखलच यात मोजली जाते, आणि तुझ्या पॉलिमरच्या विषयातलं बरंचसं काम पेपरबाहेर घडतं, पेटंटांत आणि कारखान्यांत.

स्टेफनी क्वोलेक तुला केवलरमुळे माहीत आहेतच. त्यांची वाट बघ. 1946 मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेऊन बाई ड्यूपॉन्टमध्ये शिरल्या त्या मेडिकलच्या शिक्षणापुरते पैसे साठवायला, आणि राहिल्या 40 वर्षं. पीएचडी नाही. टायरसाठी हलका पण ताठ धागा शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. नेहमीचं पॉलिमरचं द्रावण नितळ, दाट, चिकट असतं, ते तू रोज बघतेस. 1965 मध्ये त्यांच्या हाती आलं ते पातळ आणि गढूळ, थेट ताकच. ढवळलं की चमकायचं. दुसऱ्या कुणी ते बेसिनमध्ये ओतून दिलं असतं. त्यांनी गाळून पाहिलं. गढूळपणा जाईना, म्हणजे तो कचरा नव्हता. धागा काढणाऱ्या यंत्रावरचा माणूस मात्र हात लावायला तयार नव्हता. कणांनी स्पिनरेटची भोकं बुजतील, ही त्याची भीती. बाईंनी पिच्छा सोडला नाही. अखेर धागा निघाला, आणि तो नायलॉनसारखा तुटेना. चाचणीत ताठपणाचा आकडा इतका मोठा आला की तो धागा त्यांनी पुन्हापुन्हा तपासायला पाठवला, आणि खात्री पटल्यावरच वरिष्ठांना सांगितलं.

गंमत अशी, की पॉल फ्लोरी यांनी 1956 मध्येच गणिताने दाखवलं होतं: सळईसारखे ताठ रेणू ठरावीक प्रमाणापुढे गेले की आपोआप एका दिशेने रांगेत लागतात. रांगेत लागतात म्हणून द्रावण पातळ, आणि प्रकाश विखुरतो म्हणून गढूळ. फ्लोरींचा तो पेपर आजही संदर्भयाद्यांत दिसतो. क्वोलेक यांचं मोठं काम 1972च्या पेटंटात आहे. शिवाय बाजारात आलेला केवलर रसायन म्हणून जरा वेगळा, आणि त्याचा धागा काढायची रीत हर्बर्ट ब्लेड्स या सहकाऱ्याची. अमेरिकेत केवलरच्या जाकिटामुळे वाचलेल्या पोलिसांचा एक क्लब आहे, 3,000 हून जास्त सभासदांचा. त्यातल्या कुणी कुठला पेपर वाचला असेल असं मला वाटत नाही.

आणि ती नायलॉनची दोरी! एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव, त्यांच्या सीमेवरून चिमट्याने ओढत राहायचं, दोरी येतच राहते. 1959 मध्ये पॉल मॉर्गन यांच्याबरोबर क्वोलेक यांनीच तो प्रयोग लिहून काढला. तुमच्या कॉलेजातही दाखवला असेल. कुणाचा, ते सांगितलं होतं का कुणी?

आता तुझं. पुनर्वापराच्या पॉलिप्रॉपिलीनचा वास कशाने जातो, यावर तू इतकी राबलीस, आणि ‘याला सायटेशन मिळत नाहीत’ म्हणून तुझ्या गाइडनी ते थिसिसच्या परिशिष्टात ढकललं. मी सगळी नोकरी मोल्डिंगच्या लॅबमध्ये काढली. ताकदीला उत्तम असलेला पुनर्वापराच्या प्लास्टिकचा दाणा निव्वळ वासापायी परत गेलेला मी पाहिलाय; शाम्पूची झाकणं करणारा तो दारातही उभा करत नाही. कंपनीची मुलाखत असेल तर आधी ते परिशिष्टच काढ. विद्यापीठाची असेल तर 7 सांगताना मान खाली घालू नकोस, आणि आकड्यांना शिव्याही घालू नकोस. समोरच्यांनी ते कष्टाने कमावलेले असतात, उगाच दुखावतील. भराभर रिव्ह्यू पेपर लिहून आकडा फुगवायचा सल्लाही कुणीतरी देईल. मला तो पटत नाही. एखाद्या विषयावर खरंच काही सांगायचं असेल तेव्हा लिही.

वासाच्या चाचण्यांची फाइल मला पाठव. वास घालवायला गरम हवा किती तापमानाला, किती वेळ सोडलीस, आणि वास घेऊन पारखणारी माणसं किती होती, ते बघते. सगळं एकाच बॅचवर केलं असशील तर मुलाखतीआधी दुसऱ्या पुरवठादाराचा दाणा आणून पुन्हा करून घे.

तुझी,
आत्या