सत्तर दिवस आणि एक मुहूर्त

मृत देहाचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक संस्कृतीने आपापल्या श्रद्धेनुसार दिले आहे. प्राचीन इजिप्तमध्ये संपन्न माणसाचा देह जपण्याचा विधी ७० दिवस चाले. जैन परंपरेत मात्र हिशेब दिवसांचा नसून घटकांचा आहे. प्राण गेल्यावर अंतर्मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतच, मृत मानवी देहात संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती सुरू होते, असे आगम सांगतात. असे जीव ज्या १४ स्थानी उपजतात, त्यांत पन्नवणा सूत्राने कलेवराचीही गणना केली आहे. म्हणून अग्निसंस्काराला विनाकारण विलंब नको, असा संकेत पडला. एकीकडे देह टिकावा यासाठी केलेली खटपट, तर दुसरीकडे त्या देहात नव्याने उपजणाऱ्या अदृश्य जीवांची दया. या दोन उत्तरांची गाठ अर्नाळ्याच्या एका घरात पडली, आणि ती सुटायला आठ महिने लागले.

अर्नाळ्याच्या बाजारपेठेत किराणा मालाचे दुकान चालवणारे हे कुटुंब चार पिढ्यांपासून तेथे आहे. घरात गुजराती, दुकानात मराठी, आणि दर्शनाला आगाशीचे मुनिसुव्रतस्वामींचे देरासर. २०१२ च्या मे महिन्यात या घरातील आजोबांनी पहाटे पाचच्या सुमारास देह सोडला. दहाच्या आत अग्निसंस्कार आटोपला. पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली नात दुपारी दोनला पोचली, तेव्हा ओटीवर धुऊन वाळत घातलेली सतरंजी तेवढी दिसली. ती रडली नाही. ‘‘आणखी चार तास थांबता आलं नाही?’’ एवढेच तिने विचारले. वडीलधाऱ्यांनी शास्त्र सांगितले, तिने ते ऐकून घेतले. त्यानंतर सुटीत घरी आली की ती कामापुरतेच बोले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात ‘मम्मी : द इनसाइड स्टोरी’ हे ब्रिटिश म्युझियमचे प्रदर्शन आले आणि पुढच्या मार्चपर्यंत राहिले. जानेवारीत नात ते पाहायला निघाली, तेव्हा आजी म्हणाली, ‘‘मीही येते.’’ घरात सर्वांनाच नवल वाटले. उकळलेल्या पाण्याची बाटली, थेपल्यांचा डबा आणि चौविहाराआधी खाऊन घेता येईल असा वेळेचा हिशेब करून दोघी सकाळच्या एसटीने विरारला आल्या आणि चर्चगेटच्या लोकलमध्ये बसल्या.

पुढचेच स्थानक नालासोपारा. श्रीपाल राजाच्या कथेत येणारे सोपारा ते हेच, हे आजीला ठाऊक होते. नातीने त्यात भर घातली. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वर्णनात ‘सुप्पारा’ बंदराचा उल्लेख आहे. मोसमी वाऱ्यावर गलबते तांबड्या समुद्रातून या किनाऱ्यापर्यंत येत. ‘‘म्हणजे आपण परक्याकडे चाललो नाही,’’ आजी म्हणाली. आठ महिन्यांत त्या दोघींचे एवढे बोलणे प्रथमच झाले होते.

प्रदर्शनात ज्याची कहाणी मांडली होती, त्याचे नाव नेस्पेरेन्नुब. इसवी सनापूर्वी सुमारे ८०० च्या काळात तो थीब्जच्या कर्नाक मंदिरसमूहात खोन्सू या चंद्रदेवाचा पुजारी होता. त्याच्या ममीचे आवरण कधीही फोडलेले नाही. लंडनच्या रुग्णालयात सीटी स्कॅनने तिच्या दीड हजारांहून अधिक प्रतिमा घेतल्या, आणि त्या जोडून संगणकावर देहाचे अंतरंग उभे केले. प्रेक्षकांनी विशेष चष्मे लावायचे आणि पडद्यावर एकेक थर उलगडताना पाहायचे. त्याच्या हाडांवरून तो चाळिशीच्या आसपास गेला असावा, असे समजते. त्याला दाढेचे दुखणे होते आणि डाव्या डोळ्याच्या वर कवटीला एक लहान छिद्र पडले होते.

देह कसा टिकवला, हे सांगणाऱ्या भागापाशी आजी बराच वेळ थांबली. नाकावाटे मेंदू काढून टाकत. कुशीत छेद देऊन फुप्फुसे, यकृत, जठर आणि आतडी बाहेर काढत व ती निराळी जपत. मग नॅट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षारात देह सुमारे ४० दिवस पुरून ठेवत. नंतर तेल, राळ आणि तागाच्या पट्ट्यांची वेष्टने. नात हे वाचून दाखवू लागली, तेव्हा आजीने मान डोलावली. ‘‘ओल गेली की जीव पडत नाहीत. लोणच्याच्या फोडी तीन दिवस उन्हात का घालतो आपण?’’ पावसाळ्याआधी पापड, मसाले, डाळी कडकडीत वाळवणाऱ्या, ओलसर राहिलेले लोणचे अभक्ष्य मानणाऱ्या स्वयंपाकघराला नॅट्रॉनचे रहस्य समजावून सांगावे लागत नाही. इजिप्तच्या कारागिरांनाही ओलीचे हेच भय होते. फरक हेतूचा होता. त्यांना देह टिकवायचा होता, आजीच्या घराला हिंसा टाळायची होती.

जीवदयेच्या दृष्टीने त्या संस्कृतीची एक बाजू क्लेश देणारी आहे. देवतांना अर्पण करण्यासाठी तेथे मांजरे, आयबिस पक्षी आणि इतर प्राणी लाखोंच्या संख्येने ममी करून पुरले गेले. त्यांतील बरेच त्यासाठीच पाळले आणि मारले जात. १८९० साली मांजरांच्या सुमारे १,८०,००० ममी जहाजाने लिव्हरपूलला नेऊन शेतात खत म्हणून विकल्या गेल्या. ज्या देहांना अनंतकाळ टिकवायचे म्हणून हा खटाटोप झाला, ते शेवटी मातीतच मिसळले. अनित्य भावना समजावून सांगायला याहून कठोर उदाहरण शोधावे लागत नाही.

हृदय मात्र देहातच ठेवत. मृत्यूनंतर ओसिरिस देवापुढे ते तराजूच्या एका पारड्यात पडे आणि दुसऱ्या पारड्यात सत्याची देवता मात हिचे पीस. हृदय जड ठरले की अम्मित नावाची राक्षसी ते गिळून टाकी. हृदयाने आपल्याविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून छातीवर भुंगेऱ्याच्या आकाराचा मंत्रलिखित ताईत ठेवण्याची प्रथा होती. ‘‘तराजू त्यांनाही सुचला,’’ आजी म्हणाली, ‘‘पण ताईत कशाला? कर्म गप्प बसतं का?’’ जैन तत्त्वज्ञानानुसार औदारिक शरीर येथेच सुटते, तैजस आणि कार्मण शरीरे मात्र आत्म्यासोबत जातात. पुढच्या जन्मस्थानी पोचायला आत्म्याला काही समय पुरतात, आणि पापणी लवण्याच्या अवधीत असे असंख्य समय सरतात. आजीने हेच नातीला साध्या शब्दांत सांगितले. ‘‘तुझे आजोबा कुणासाठी थांबणार होते, बेटा? आम्ही हाक मारण्याआधीच ते पोचले होते.’’

‘‘त्यांनी थांबायला नकोच होतं, आजी,’’ नात म्हणाली. ‘‘मला त्यांना बघायचं होतं.’’

आजीकडे त्यावर शास्त्रवचन नव्हते. दोघी पुढे सरकल्या.

पडद्यावर आता नेस्पेरेन्नुबच्या डोक्याची प्रतिमा फिरत होती. कवटीच्या मागच्या बाजूला मातीचा एक ओबडधोबड वाडगा चिकटलेला दिसत होता. त्याचा धार्मिक अर्थ लावण्याचा प्रयत्न झाला, पण अधिक पटणारे उत्तर साधे आहे. वाहती राळ धरण्यासाठी कारागिरांनी डोक्याखाली वाडगा ठेवला असावा, राळ घट्ट झाली आणि वाडगा निघेना. शेवटी त्यांनी तो तसाच ठेवून वरून पट्ट्या गुंडाळल्या आणि देह कुटुंबाच्या स्वाधीन केला. सुमारे २,८०० वर्षे ते कुणालाही कळले नाही.

आजी त्या प्रतिमेकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर संग्रहालयाच्या आवारात एका झाडाखाली तिने डबा उघडला, पण थेपल्याला हात लावला नाही.

‘‘आजोबा नऊ दिवस रुग्णालयात होते,’’ ती म्हणाली. ‘‘तुझी परीक्षा होती म्हणून कळवायचं नाही असं ठरलं. मीच ठरवलं. रोज फोनवर तुला सांगायचे, दुकानात गेलेत. तू विचारलंस चार तासांबद्दल, आणि आम्ही सगळ्यांनी चार तासांचंच उत्तर दिलं. शास्त्र खोटं नाही. पण त्याच्या आड मी नऊ दिवस झाकले.’’ तिने हात जोडले. ‘‘मिच्छा मि दुक्कडम्.’’

संवत्सरीला अजून बराच अवकाश होता. नातीने ते जोडलेले हात आपल्या हातांत धरले आणि खूप वेळ सोडले नाहीत. मे महिन्यात न आलेले रडू तिला तेथे आले.

देहाला किती वेळ थांबवावे, यावर संस्कृतींची उत्तरे भिन्न आहेत, आणि जैन परंपरेचे उत्तर करुणेतून आलेले आहे. परंतु ज्या करुणेला डोळ्यांना न दिसणारे जीव दिसतात, तिला दूरगावी परीक्षेला बसलेले घरचे माणूसही दिसले पाहिजे. निरोप मृत्यूनंतरच्या मुहूर्तात मावत नाही. तो आधीच्या दिवसांत द्यायचा असतो. माणूस ओळखतो, ऐकतो, बोट धरतो, तोवरच खमतखामणाही होतो आणि नवकारही कानी पडतो. आजीने त्या दिवशी स्वतःपुरते सांगून ठेवले. ‘‘माझ्या वेळी उशीर करू नका. पण मी आजारी पडले की परीक्षा असो, नोकरी असो, हिला आधी कळवा.’’

सूर्यास्ताला वेळ होता. दोघींनी डबा संपवला, उकळलेले पाणी प्यायल्या आणि चर्चगेटला आल्या. विरार गाडीत बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळाल्यावर नातीने विचारले, ‘‘त्या नऊ दिवसांत आजोबा काय काय बोलले?’’ आजीने पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. विरार आले तेव्हा सहावा दिवस चालू होता. उरलेले तीन दिवस अर्नाळ्याच्या एसटीत सांगून झाले.