दादाला कुणी विचारलंच नाही!

मैत्रिणींनो, घरात भाजी कमी पडली की ती कुणाच्या ताटात कमी वाढायची, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण मूत्रपिंडाचंही तसंच होईल, असं मला वाटलं नव्हतं!

माझ्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पंचवटीतल्या माहेरी सगळे जमले. आईला मधुमेह, म्हणून ती बाद. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. थोरल्या दादाला कुणी विचारलंच नाही. "त्याच्यामागे संसार आहे," आई म्हणाली. मग माझ्यामागे काय होतं?

तरी भावाचा सुजलेला चेहरा बघवेना. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही झाल्या. मग रुग्णालयातल्या बाईंनी यांच्यासकट सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि विचारलं, "तुमची स्वतःची इच्छा आहे ना?" अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्याच्या २०१४ च्या नियमांत दाता स्त्री असेल तर जास्त खबरदारी घ्या, तिची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळा, असं म्हटलं आहे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच कितीतरी जास्त आहेत ना!

माझ्या तोंडून पटकन 'हो' निघेना. "दोन दिवसांनी सांगते," म्हटलं आणि थेट दादाकडे गेले. "तूही तपासून घे." तो गप्प बसला, पण दुसऱ्या दिवशी गेला. रक्तदाब निघाला, तोही बाद. पण तो गेला, एवढ्यानंच माझ्या मनातली अढी सुटली. आता माझं 'हो' माझं होतं.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पाचव्या दिवशी मी घरी आले. सहा आठवडे भरलेली बादली उचलायची नव्हती. सासूबाईंनी कळशीलाही हात लावू दिला नाही. उरलेलं मूत्रपिंड हळूहळू दुसऱ्याचंही बरंचसं काम उचलतं. १९५४ मध्ये बोस्टनला जुळ्या भावाला मूत्रपिंड देणारे रोनाल्ड हेरिक २०१० पर्यंत जगले! मात्र वर्षातून एकदा रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायचं. दुखण्यावरच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत.

भाऊ आता कामावर जातो. तुमच्यावर अशी वेळ आली तर द्या किंवा देऊ नका, हे मी कोण सांगणार? पण त्या बंद खोलीत खरं उत्तर द्या. आणि त्याआधी घरातल्या दादालाही एकदा विचारा!