पत्ता कोणता?

वाडीचा बांध, विहिरीची पाळी आणि सामाईक पडवी हे आमच्या श्रीवर्धनच्या घरातील वादाचे तीन पिढीजात विषय. २०२५ च्या पावसाळ्यात त्यांत चौथ्याची भर पडली : जीफोर्स की रेडिऑन? संगणकावर खेळ खेळण्यासाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डांची ही दोन घराणी. पुतण्याला त्यांतले एक घ्यायचे होते, पैसे वाडीच्या सामाईक खात्यातून जायचे होते, आणि निवाड्याचे काम आमच्याकडे आले होते. आमची पात्रता एवढीच, की हा प्रश्न एकवीस वर्षांपूर्वी आम्ही स्वतः चुकीचा सोडवला होता.

२००४ साली मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात अशीच दोन खोकी समोर ठेवून आम्ही तासभर उभे होतो. शेवटी ज्याच्या नावातला आकडा मोठा ते उचलले आणि रात्रीच्या एसटीत मांडीवर घेऊन श्रीवर्धनला आणले. कार्ड उत्तम होते. पण संगणकाचा एसएमपीएस स्वस्तातला होता आणि गावातला विजेचा दाब संध्याकाळी उतरत असे. शेजारच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला, की आमचा पडदा काळा होई. त्या उन्हाळ्यात एकही खेळ आम्ही शेवटपर्यंत नेऊ शकलो नाही. शेजाऱ्यांची शिंपण्याची वेळ मात्र मिनिटागणिक पाठ झाली.

पुतण्याची गोष्ट निराळी. २०२० च्या टाळेबंदीत तो पुण्याहून घरी आला तो चार दिवसांसाठी. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आमच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी दुपारभरात आडव्या झाल्या. नारळाचे झाड वाकून पुन्हा उभे राहील अशी आशा तरी असते. पोफळ मोडली की मोडली. कित्येक आठवडे वीज नव्हती. पोरगा ओंडके ओढायला म्हणून थांबला, रोपे लावायला म्हणून राहिला, आणि मग राहिलाच. पोफळ फळावर यायला पाच ते सात वर्षे घेते. ही वर्षे त्याने दिवसा वाडी आणि घरबसल्या मिळणारे काम यांत काढली. त्याच्या वर्गातली मुले मुंबई-पुण्याला गेलेली. रात्री दहानंतर ती सारी एखाद्या खेळात भेटत, तेवढीच त्याची संगत. जुन्या संगणकावर नवे खेळ चालेनासे झाले, तेव्हा त्याने कार्ड मागितले. आमचे थोरले चुलतबंधू, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, त्यांनी तत्काळ हिशेब केला : एवढ्या पैशांत किती रोपे येतील? हिशेब चूक नव्हता.

निवाडा करायचा तर घराण्यांचा इतिहास पाहावा लागतो. १९९६ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीचे व्हूडू कार्ड आले आणि संगणकी खेळांना खोली मिळाली. त्या दशकात असे डझनभर दावेदार होते. एनव्हिडियाने १९९९ मध्ये पहिले जीफोर्स काढले आणि पुढच्याच वर्षी, २००० च्या अखेरीस, थ्रीडीएफएक्सची मिळकत विकत घेण्याचा करार केला. कॅनडातल्या एटीआय कंपनीने २००० मध्येच रेडिऑन आणले. २००६ मध्ये एएमडीने एटीआयच विकत घेतली. २०२२ पासून इंटेलही पुन्हा या पंक्तीला येऊन बसली आहे, पण वाद अजून दोघांचाच चालतो.

आणि हे दोघे परके नव्हेत. एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या लिसा सू या दोघांचाही जन्म तैवानमध्ये झाला. दोघे एकमेकांचे दूरचे नातलग आहेत. आज बाजारात असलेल्या त्यांच्या नव्या कार्डांच्या चिपाही तैवानच्या टीएसएमसी या एकाच कंपनीत घडतात. एकच विहीर, दोन पाळ्या! ही भाऊबंदकी कोकणी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. अण्णांना हे सांगितले तेव्हा कार्डांविषयी त्यांना प्रथमच आस्था वाटलेली दिसली. "मग बांध कोणी सरकवला?" त्यांनी विचारले.

पुतण्यापुढची दोन कार्डे अशी : एप्रिल २०२५ मध्ये आलेले जीफोर्स आरटीएक्स ५०६० टीआय आणि ५ जून २०२५ रोजी, म्हणजे वादळाला पाच वर्षे पुरी झाल्यावर दोन दिवसांनी आलेले रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी. दोन्ही एकाच नावाने ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन स्मृतींत मिळतात, आणि पहिला सापळा इथेच आहे. कार्डाची स्मृती म्हणजे स्वयंपाकघरातले फडताळ. जिन्नस त्यात मावले नाहीत, की प्रत्येक फोडणीला माळ्यावर चढावे लागते. पडद्यावरचे चित्र अडखळते. नव्या मोठ्या खेळांना ८ जीबी अनेकदा पुरत नाही. म्हणून नावाच्या आधी हा आकडा ठरवला : १६. त्या आकड्याला अमेरिकेतला जाहीर भाव जीफोर्सचा ४२९ डॉलर आणि रेडिऑनचा ३४९ डॉलर होता. आमच्या चौकशीत हा फरक आठ-दहा हजार रुपयांचा निघाला.

जास्तीच्या पैशांत जीफोर्स काय देते? स्मृतीचा वेग अधिक, प्रकाशकिरणांचे गणित बहुधा सरस, आणि दोन खऱ्या चित्रांमध्ये एकाहून अधिक कल्पित चित्रे घालण्याची विद्या. रेडिऑनलाही ती अवगत होती, पण २०२५ मध्ये ते एकच घालत असे. ही विद्या आम्हांला बखरकारांची आठवण करून देते. दोन ठाऊक प्रसंगांच्या मधली जागा बखरकार अशा सफाईने भरतो, की वाचताना सांधा दिसत नाही. डोळ्यांना ते सुखाचे असते. पण खेळात बोटांनी दिलेला हुकूम फक्त खऱ्या चित्रालाच पोचतो; मधली चित्रे कितीही वाढली तरी हात चपळ होत नाही. सेकंदाला ६० खरी चित्रे हवी असतील, तर कार्डाला एका चित्रामागे साडेसोळा सहस्रांश सेकंदांहून किंचित अधिक वेळ मिळतो. तेवढ्यात जे जमते तीच त्याची खरी कमाई.

तीन महिने आम्ही हे सारे तक्ते वाचले. कोणत्या खेळात कोण किती चित्रांनी पुढे, कोण किती तापते, किती आवाज करते. हळूहळू लक्षात आले, की या मोजण्या दुसऱ्याच कोणाच्या खोलीत झालेल्या आहेत : थंड हवेची खोली, स्थिर वीज, उघड्या चौकटीवर मांडलेला संगणक. आमची खोली समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. मे महिन्यात भिंत घामेजते; खारी हवा लोखंडी कड्या खाते, तशी पंख्याच्या जाळीलाही सोडत नाही. कार्ड बिघडले तर ते मुंबईला न्यायचे, म्हणजे एक अख्खा दिवस एसटीत. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो. जीफोर्सला १८० वॉट लागतात, रेडिऑनला सुमारे १६०. फरक २० वॉटचा, पण बाकीचा संगणक आणि पडदा धरला, तर दोघांनाही तो यूपीएस कमीच. तेव्हा कार्डाच्या नावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न, ते कोणत्या पत्त्यावर राहणार, हा होता. कार्डाला मराठीत पत्ताच म्हणतात, हे आम्हांला तेव्हा सुचले आणि विनोद म्हणून आम्ही ते पुतण्याला ऐकवले.

तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, तुम्हाला खरं सांगू? कार्ड कुठलंही चालेल. पण ते या खोलीत एकदा बसलं, की मी कायमचा इथेच, असं सगळे धरून चालतील."

आता आमच्यावर गप्प राहण्याची पाळी आली. तीन महिन्यांत या पोराने प्रत्येक तक्त्यावर नवी शंका काढली होती आणि आम्ही प्रत्येक शंकेला नवा तक्ता शोधला होता. त्याला वाद संपवायचा नव्हता, कारण वाद संपला की उत्तर द्यावे लागणार. आणि आम्हांला? तो तुलना करीत बसला आहे तोवर घरात आहे, याचे आम्हांला बरे वाटत होते. अण्णा रोपांचा हिशेब मांडत होते तोही त्यासाठीच. रोप म्हणजे आणखी सात वर्षे. वादळात सुटलेली वाडी त्याच्या अंगावर टाकून आम्ही सारे मायेने त्याच्या वाटेत उभे होतो, आणि ग्राफिक्स कार्ड हे त्या वाटेला घातलेले नवे कुंपण ठरत होते. राहा, असे त्याला कोणी स्पष्ट म्हटले नव्हते. जा, असेही नाही.

असो. शेवटी १६ जीबीचे रेडिऑन घेतले. उरलेल्या पैशांत १००० व्हीएचा यूपीएस आणि बऱ्यापैकी एसएमपीएस आला. त्याच्या गरजेला आणि आमच्या विजेला ते पुरेसे होते, एवढेच त्याचे समर्थन. दुसऱ्या पत्त्यावर दुसऱ्या कोणी जीफोर्स घेतले असते तर तेही बरोबरच ठरते. मात्र पैसे सामाईक खात्यातून दिले नाहीत. पाच वर्षांच्या कामाचा त्याचा वाटा आम्ही कधी मोजलाच नव्हता; तो अण्णांनी स्वतः वहीत मांडला, आणि कार्ड त्यातून आले. वाटा बराच मोठा निघाला. अण्णांनी वही मिटली आणि बराच वेळ पडवीत बसून राहिले.

कार्ड बसवताना आम्ही बॅटरी धरून उभे होतो. ते खाचेत दाबायचे, मागे दोन स्क्रू पिळायचे, वीजेची एक तार जोडायची, की झाले. काढायलाही तेवढाच वेळ लागतो. पुतण्याने स्क्रू पिळले, रिकामे खोके नीट मिटवले आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवले. खोके जपून ठेवावे, असे आम्हीच त्याला सांगितले होते.