अबोल छप्पर : दहा रिले, दहा स्विच आणि ६१० फूट वायर

एका गाडीच्या छपरावर धागा लिहिते आहे. नेहमीच्या वाचकांनी थोडा धीर धरावा. गडकोट पुढच्या आठवड्यात आहेतच.

१९५७ साली अमेरिकेतील फोर्ड कंपनीने ‘फेअरलेन ५०० स्कायलायनर’ नावाची गाडी बाजारात आणली. तिचे छप्पर कापडी नव्हते, पोलादी होते. बटण दाबले की डिकीचे झाकण मागच्या बाजूला उघडे, अख्खे छप्पर उचलले जाई, त्याची पुढची पट्टी आत दुमडे आणि ते संथपणे मागे जाऊन डिकीत विसावे. मग झाकण पुन्हा बंद. या साऱ्याला सुमारे ४० सेकंद लागत. त्या ४० सेकंदांसाठी गाडीच्या अंगात काय भरले होते ते पाहा : विजेच्या सात मोटरी (चार कुलपांसाठी, तीन भाग हलवण्यासाठी), दहा रिले, दहा लिमिट स्विच, आठ सर्किट ब्रेकर आणि ६१० फूट वायर. संगणकाचा पत्ता नाही. कोणाच्या नंतर कोणी हलायचे, हा सारा क्रम केवळ तांब्याच्या तारांनी आणि उघडझाप करणाऱ्या स्विचांनी सांभाळलेला.

माझा प्रश्न साधा आहे. असे छप्पर अर्ध्यावर अडकले, तर दोष शोधायचा कसा? आणि तो शोधणारा माणूस नेमके कोणत्या प्रकारचे ज्ञान वापरतो? तंत्रज्ञानाच्या इतिहासावर प्रबंध लिहिण्याच्या खटपटीत असल्यामुळे हा दुसरा प्रश्न मला पहिल्याहून अधिक छळतो.

आधी थोडी वंशावळ. घन छप्पर सरकवून मागे नेण्याची कल्पना फोर्डची नव्हे. अमेरिकेत बेन एलरबेक याने १९२२ च्या सुमारास हाताने हलवायचे असे छप्पर करून पाहिले. ते कारखान्यापर्यंत पोहोचले नाही. खरा पाया घातला तो पॅरिसच्या जॉर्ज पोलॅं याने. हा मनुष्य व्यवसायाने दंतवैद्यकातला, आणि वेड गाड्यांच्या आकारांचे. त्याच्या पेटंटवरून १९३४-३५ च्या सुमारास प्युजोच्या ‘एक्लिप्स’ गाड्या निघाल्या. सुरुवातीस छप्पर विजेवर चाले. पुढे १९३६ मध्ये लांब चासीवरची आवृत्ती आली, तिचे छप्पर मात्र हाताने उचलायचे ठेवले. मला हा तपशील फार बोलका वाटतो. ‘पुढे’ जाणारे तंत्रज्ञान एक पाऊल मागे घेते, आणि ते पाऊल शहाणपणाचे असते. पोलॅं ज्यू वंशाचा होता. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर तो प्रतिकारचळवळीत उतरला, ब्रिटिश गुप्तहेरांसाठी काम करू लागला, पकडला गेला आणि मार्च १९४२ मध्ये गोळ्या घालून मारला गेला. तेव्हा तो चाळिशीचा होता. स्कायलायनरच्या जाहिरातींत त्याचे नाव शोधू नका.

फोर्डमध्ये हे काम मुळात ‘कॉन्टिनेंटल मार्क २’ या अतिमहाग गाडीसाठी सुरू झाले होते. खर्च वीस लाख डॉलरांच्या घरात गेला. एवढा खर्च मूठभर गाड्यांवर निघणे अशक्य, म्हणून ते छप्पर सामान्य ग्राहकाच्या फेअरलेनवर आले. त्यासाठी पेट्रोलची टाकी मागच्या आसनामागे उभी बसवावी लागली, आणि छप्पर आत गेले की डिकीत सामानासाठी जेमतेम एक लहान पेटी उरे. कुटुंबासह सहलीला जायचे, तर एक तर आकाश घ्या, नाही तर बॅगा!

आता यंत्राच्या पोटात शिरू. ‘रिले’ हा शब्द मुळात टप्प्याटप्प्यावर बदलल्या जाणाऱ्या ताज्या दमाच्या घोड्यांचा. आपल्या वाचकांना डाकचौक्या आणि जासुदांच्या जोड्या सांगायला नकोत. पुढे तो तारायंत्रात आला : दूरवरून क्षीण होत आलेला संकेत एका चौकीवर घ्यायचा आणि ताज्या बॅटरीच्या जोरावर पुढे पाठवायचा. गाडीतला रिले तेच करतो. बटणातून आलेला बारीकसा प्रवाह त्याच्या वेटोळ्यात चुंबकत्व निर्माण करतो, त्याने एक पट्टी खेचली जाते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि बॅटरीकडचा जाड प्रवाह मोटरीकडे सुटतो.

लिमिट स्विच हा त्या व्यवस्थेतला बातमीदार. झाकण पूर्ण उघडले की त्याचा एखादा भाग स्विचच्या दांडीवर टेकतो, आणि वार्ता जाते : ‘झाकण उघडले, आता पुढच्याने निघावे.’ मग मागच्या खिडकीखालचा फळा हलतो. त्याची वार्ता आली की छपराची कुलपे सुटतात. ती सुटल्याची वार्ता आली की छप्पर उठते. म्हणजे प्रत्येक मोटर आधीच्या मोटरीच्या कामाची खबर मिळेपर्यंत उभी असते. खबर आली नाही, तर ती हलत नाही. कोणताही दिवा लागून ‘माझे अमुक बिघडले’ असे सांगत नाही.

या गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेतला विद्युतनकाशा मी मोठ्या कागदावर छापून घेतला आणि बाबांपुढे पसरला. बाबा ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. पस्तीस वर्षे ट्रक, जीप, ट्रॅक्टर यांची वायरिंग करतात. स्कायलायनर त्यांनी आयुष्यात पाहिलेली नाही, आणि नकाशावरची इंग्रजी अक्षरे वाचण्याची तसदीही त्यांनी घेतली नाही. बराच वेळ बोट फिरवत राहिले. मग विचारले, “हे थांबतं कुठं?”

मी म्हटले, “म्हणजे?”

“अगं, बिघडलंय म्हणतीस ना? मग अडकून कुठं उभं राहतंय? झाकण उघडलंय का? फळी वर आलीय का? ते सांग, मग वायर बघू.”

पुस्तिकेतल्या पानांच्या पानांचे सार त्या एका प्रश्नात होते. छप्पर जिथे थांबले, तिथपर्यंतची सर्व साखळी निर्दोष आहे, हे यंत्रानेच सिद्ध करून दिलेले असते. संशय उरतो तो फक्त एका सांध्यावर : झालेल्या कामाची खबर देणारा स्विच आणि न झालेल्या कामाचा रिले, ब्रेकर, मोटर, तारा.

समजा, झाकण पूर्ण उघडले आणि फळा वर येत नाही. बाबांची रीत अशी. प्रथम झाकणाला भक्कम टेकू द्यायचा आणि सर्वांनी हात बाहेर काढायचे, कारण यंत्र अचानक जागे झाले तर ते बोटे ओळखत नाही. मग एकाने बटण धरून ठेवायचे आणि दुसऱ्याने लाकडी काठीने लिमिट स्विचची दांडी दाबायची. फळा हलला, तर मोटर चांगली, रिले चांगला, तारा चांगल्या; झाकण स्विचपर्यंत नीट टेकत नाही, इतकेच. स्क्रू सैल करून स्विच जरासा सरकवायचा की काम झाले. फळा हलला नाही, तर कान लावायचा. रिले टक् करतो का? केला, तर आज्ञा पोहोचली आहे. दोष त्याच्या पुढे, जाड तारेच्या वाटेवर. टक् नाही, तर आज्ञाच पोहोचलेली नाही. दोष मागे, किंवा खुद्द रिलेच्या वेटोळ्यात. एका ‘टक्’ने निम्मा नकाशा बाद होतो. सात मोटरींपैकी ‘ही बदलून बघू, ती बदलून बघू’ करणाऱ्यांना हे सांगण्याची फार गरज आहे. पैसा जातो आणि दोष तिथेच राहतो.

मग अर्थिंग. गाडीत प्रवाह तारेने जातो आणि परत येतो तो गाडीच्या लोखंडी अंगातून. साठ-पासष्ट वर्षांच्या गाडीत तो परतीचा रस्ता गंजलेला असतो, किंवा कोणी हौशीने नवा रंग देताना अर्थच्या बोल्टाखालीही रंग फासलेला असतो. लक्षणे चमत्कारिक दिसतात : मोटर कण्हते, रिले थरथरतो, एक भाग हलू लागला की दुसरा मंदावतो. बाबा म्हणतात, “आधी अर्थ बघ. निम्म्या गाड्या तिथंच बऱ्या होतात.” हे प्रमाण त्यांच्या दुकानातले, मी ते कोष्टकात मांडणार नाही.

इथे एक गंमत आहे आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. मल्टिमीटर लावला तर मोटरीच्या टोकाशी स्वच्छ बारा व्होल्ट दिसू शकतात, तरीही मोटर फिरत नाही. कारण मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. तारेतले सगळे पदर तुटून एकच केसाएवढा पदर उरला असेल, तरी त्यातून मीटरपुरती वीज येतेच. बाबा मीटर बाजूला ठेवतात आणि हेडलाइटचा जुना बल्ब दोन तारांनी जोडतात. बल्ब काही अँपिअर मागतो. तार खरी असेल तर तो लख्ख पेटतो; पोकळ असेल तर लालसर होऊन राहतो. मीटरनेही हे करता येते, पण मोटरीला प्रवाह चालू असताना : एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरे मोटरीवरच्या धन टोकाला लावायचे. वाट निकोप असेल तर काटा शून्याच्या आसपास असतो. तिथे दोन-तीन व्होल्ट दिसले, तर तेवढे वाटेत कोठे तरी गळत आहेत. तशीच परीक्षा परतीच्या वाटेची, मोटरीच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत.

राजवाड्यांनी बखरींवर विसंबू नका, अस्सल पत्रे पाहा, असे तळमळीने सांगितले. भार न टाकता मिळालेली साक्ष कशी असते, हे मला त्या बल्बाने दाखवले. ज्या कागदाला अवघड प्रश्न विचारलाच नाही, तो कागद बारा व्होल्ट दाखवणारच. माझ्या एका प्राध्यापकांना ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटली. वाटो. पण पुस्तिका हे कारखान्याचे अधिकृत कथन आहे, आणि त्या कथनात बोल्टाखालचा रंग कोठेही येत नाही.

सर्किट ब्रेकरचे प्रकरण तर चकवाच. या जुन्या धाटणीचा ब्रेकर अधिक प्रवाहाने तापला की वाट तोडतो आणि थंड झाला की आपसूक जोडतो. म्हणून छप्पर अडकते, मालक वैतागून चहा प्यायला जातो, परत येतो तर छप्पर चालते! ‘कुठे तरी लूज कॉन्टॅक्ट आहे’ असे निदान होते. पुष्कळदा खरा दोष विजेचा नसतोच. झाकण उचलणारे स्क्रू सुकलेले असतात, ग्रीस दगडासारखे झालेले असते, मोटर जिवाच्या आकांताने ओढते आणि ब्रेकर तिचा जीव वाचवतो. अशा वेळी ब्रेकर काढून थेट तार जोडणारे महाभाग असतात. ते मोटर जाळतात, कधी वायरिंगही.

आणि बॅटरी. ही तपासणी वारंवार करायची तर इंजिन चालू ठेवावे, अर्थात मोकळ्या हवेत, किंवा चार्जर लावावा. अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेली कोणतीही साक्ष ग्राह्य धरू नये.

स्कायलायनर तीन वर्षे टिकली. पहिल्या वर्षी २०,७६६ गाड्या निघाल्या, १९५८ मध्ये १४,७१३, आणि १९५९ मध्ये १२,९१५. एकूण ४८,३९४. तिच्या अपयशाचे खापर सहसा किचकट वायरिंगवर फोडले जाते. मला ते पटत नाही. साध्या कापडी छपराची फोर्ड तिच्याहून स्वस्त होती, आणि सामानाची अडचण पहिल्याच सहलीत कळत असे. वायरिंगच भिकार असती, तर आज हौशी मालकांकडे मूळ मोटरी आणि मूळ रिले यांवर चालणारी छपरे दिसली नसती. ती चालतात, कारण त्यांतला प्रत्येक भाग सुटा करून तपासता येतो.

पुढे पस्तीसएक वर्षे मोठ्या प्रमाणावर असे पोलादी छप्पर कोणी केले नाही. १९९६ मध्ये मर्सिडीजची एसएलके आली. तिच्यात हायड्रॉलिक पंप छप्पर उचलतो, सुमारे २५ सेकंदांत, आणि बातमीदारांच्या खबरा एका नियंत्रकाकडे जातात. या पिढीच्या गाड्यांत स्कॅनर लावला की दोषाचा क्रमांक मिळतो. सोय मोठी आहे. परंतु क्रमांक सांगतो तो ‘अमुक स्विचची खबर आली नाही’ एवढेच. स्विच मेला, की तो सरकला, की मधली तार तुटली, हे सांगत नाही. शिवाय काही वेळा दोष नसतोच : डिकीतला सामानाचा पडदा जागेवर ओढलेला नसतो, आणि छप्पर बॅगांवर आदळू नये म्हणून नियंत्रक हलायलाच नकार देतो. आधी तो पडदा पाहावा, मग खिशात हात घालावा.

तार तुटण्याची जागाही बहुधा ठरलेली असते, १९५७ मध्ये होती तीच : बिजागरीजवळ, जिथे झाकणाबरोबर वायरिंगचा जुडगा हजारो वेळा वाकतो. वरचे आवरण शाबूत दिसते. आत तांबे तुटलेले असते. प्रत्येक तार दोन बोटांत धरून हलकेच ताणावी. तांबे शाबूत असेल तर ती ताठ राहते. तुटलेली असेल तर आवरण रबरासारखे लांबते. तिथे आवरण कापून पाहावे, नव्या तारेचा तुकडा डाख देऊन जोडावा, आणि बांधताना जुडग्याला वाकायला थोडी सैल जागा ठेवावी.

प्रश्न असतील तर खाली विचारा. वायरिंगचे असतील तर बाबांना विचारून कळवते.