आमची सरमा

कुत्रें पाळण्याची चाल आमच्या घराण्यांत कधीं नव्हती. महालांतला जुना वाडा, लहानमोठीं माणसें अकरा, चूल एक, देवघर स्वयंपाकघराला लागून आणि आईचें सोंवळें कडक. अशा घरांत इ. स. २००५ च्या दिवाळीनंतर आमच्या धाकट्या बंधूंनीं आल्सेशियन जातीचें दीड महिन्याचें पिलूं टोपलींत घालून आणलें, तेव्हां वाड्यांत जें मौन पसरलें त्याची कल्पना वाचकांनीं आपापल्या घरावरून करावी. चौथ्या दिवशीं आईनें निकाल दिला, "ओसरीच्या आंत तिचा पाय पडतां कामा नये. ज्या दिवशीं पडेल त्या दिवशीं मी काशीस जाईन."

वडील संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनीं वाद न घालतां पिलाचें नांव 'सरमा' ठेविलें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत सरमा आणि पणि यांचा संवाद आहे. पणींनीं गाई रसा नदीपलीकडे दडवून ठेविल्या. इंद्रानें त्यांच्या शोधार्थ सरमेला पाठविलें. पणींनीं तिला बहीण मानण्याची आणि गाईंत वांटा देण्याची लालूच दाखविली, पण ती बधली नाहीं. गोधन हुडकून काढणारी कुत्री प्रत्यक्ष वेदांत आहे म्हटल्यावर आईला बोलावयास जागा उरली नाहीं. ओसरीची मर्यादा मात्र कायम राहिली. आणि सांगावयास नवल वाटतें, सरमेनें ती पंधरा दिवसांच्या आंत ओळखली. उंबरठ्यावर हनुवटी टेंकून ती आंत पाही, पंजा बाहेरच.

ही जात मूळची मेंढपाळांची. जर्मन घोडदळांतील कॅप्टन माक्स फॉन स्टेफानित्स यांनीं १८९९ सालीं एका प्रदर्शनांत असा एक कुत्रा पाहून विकत घेतला, त्याचें नांव होरांड ठेविलें, आणि त्याच्यापासून आजच्या जातीची वंशावळ सुरू झाली. पुढें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास 'जर्मन' हा शब्द इंग्रजांच्या कानांस सोसेना, म्हणून त्यांनीं तिला 'आल्सेशियन' हें नांव दिलें. १९७७ सालीं विलायतेच्या केनेल क्लबनें जुनें नांव परत केलें, तरी नागपुरांत आम्ही अजून आल्सेशियनच म्हणतों. त्या देशांतल्या उघड्या शिवारांत मेंढरें चरावयाची पट्टी आणि शेजारचें उभें पीक यांच्या सीमेवर हें कुत्रें दिवसभर येरझारा घाली, तेंच कुंपण. आपल्याकडच्या मेंढपाळांचें कुत्रें निराळ्या कामाचें. हिवाळ्यांत वर्ध्याकडे जातांना कच्छकडून आलेल्या रबारी लोकांचे कळप दिसतात. कापूस निघाल्यावर शेतकरी खतासाठीं त्यांच्या मेंढ्या शेतांत बसवून घेतात. त्यांचीं कुत्रीं राखणीचीं. रात्रीं लांडग्यावर भुंकावयाचीं. मेंढ्या वळविण्याचें काम माणूस स्वतः हाळीनें आणि काठीनें करतो.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील कॉली कुत्रा तर नुसत्या नजरेनें मेंढी मागें फिरवितो. याच जातीच्या चेसर नांवाच्या अमेरिकेंतील एका कुत्रीला जॉन पिली या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनीं तीन वर्षांत १०२२ खेळण्यांचीं नांवें शिकविलीं, आणि ती हकीकत २०११ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. आमच्या एका पुतण्यास त्या सुमारास सतराच्या पुढें पाढे येत नसत; त्याच्यादेखत हा विषय काढूं नये असें घरांत ठरलें होतें.

आमच्या सरमेला नांवें पांचपन्नासच येत असतील. तिची विद्या मोजणीची. दिवेलागण झाली कीं ती फेरीस निघे. घरांत जावयाची बंदी, म्हणून ओसरी, जिन्याचा पायथा, मागील दार, प्रत्येक खोलीच्या खिडकीखालची जागा, असा बाहेरून सारा वाडा ती फिरून येई आणि प्रत्येक ठिकाणीं कान टंवकारून क्षणभर उभी राही. अकरा माणसांचा हिशेब जुळला कीं दिंडी दरवाजाला आडवी पडून डोळे मिटी. एखादें माणूस बाहेर असलें तर ती निजत नसे. आम्ही एकदां अमरावतीहून रात्रीं दीड वाजतां परत आलों, तर सगळा वाडा घोरत होता आणि दिंडीशीं दोन डोळे चमकत होते. हीं माणसें आपलींच असून एका जागीं राहत नाहींत, याचें तिला खरोखर ओझें वाटत असावें.

खेळांतहि तिचें डोकें चाले. ओसरीवर मोठी बंगई आहे. हलत्या बंगईवर चेंडू ठेविला तर तो घरंगळून खालीं पडतो, हा शोध तिनें स्वतः लावला. मग बंगईला नाकानें ढकलावयाचें, चेंडू वर ठेवावयाचा, तो कोणत्या बाजूनें पडेल हें पाहत दबा धरून बसावयाचें, असा खेळ ती एकटीच तासन् तास खेळे. वडील सकाळीं शुक्रवारी तलावाकडे फिरावयास निघत. त्यांनीं तिला बरोबर न्यावें म्हणून ती त्यांची डावी वहाण पळवी. उजवीला कधीं तोंड लावलें नाहीं. एकीनें काम भागतें तेथें दोन कशाला! तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं तर तिला भरतें येई. गल्लींतलीं मुलें चाकांवरचे लाकडी बैल घेऊन रांगेनें निघत आणि सरमा त्या रांगेच्या कडेनें पुढून मागें, मागून पुढें जाई. एखादा बैल रांगेबाहेर गेला कीं त्याच्या धन्याला कोपरखळी मिळे. त्याच दिवशीं निघणाऱ्या मारबतीच्या गर्दीचें मात्र तिला वावडें. एवढीं माणसें कोणाच्यानें मोजवणार?

नागपूरचा उन्हाळा या दाट केंसांच्या जनावराला सोसण्यासारखा नव्हे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर गेला कीं ती वाळ्याच्या कूलरसमोर ओल्या गोणपाटावर पडून राही. फिरणें सूर्योदयापूर्वीं आणि रात्रींच. अशाच २००७ च्या नवतप्यांत ती गोष्ट घडली. बंधूंचा चार वर्षांचा मुलगा दुपारीं दिंडी उघडी पाहून रस्त्याकडे धांवला. सरमेनें मागून जाऊन त्याची टाच धरली. पोर पडलें, हनुवटी फुटली, टाचेवर दातांच्या दोन खुणा उमटल्या. आम्हीं कोपऱ्यांतली काठी उचलली आणि तिला मारलें. किती मारलें तें लिहिण्याची लाज वाटते. ती भुंकली नाहीं, पळाली नाहीं. मूल आणि दिंडी यांच्यामध्यें तशीच उभी राहिली. तिला लस टोंचलेली असूनहि मुलाला रेबीजचीं इंजेक्शनें दिलीं, तें योग्यच केलें. पुढें एका पशुवैद्यांनीं सांगितलें, टाच धरून वळविणें हा या जातीचा धंदा. पिलूं असतांनाच ती संवय मोडावी लागते, आणि ती मोडण्याची जागा काठी नव्हे.

त्या दिवशीं वडील आमच्याशीं बोलले नाहींत. रात्रीं त्यांनीं मुलांना आदिपर्वांतली जनमेजयाच्या सत्राची गोष्ट सांगितली. सरमेचें पिलूं यज्ञमंडपाशीं आलें, त्यानें हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नाहीं, तरी जनमेजयाच्या भावांनीं त्याला मारलें. मग सरमेनें तेथें येऊन, माझ्या निरपराध पिलाला कां मारलें, असें विचारलें आणि कोणाला उत्तर देतां आलें नाहीं. ही गोष्ट त्यांनीं आमच्या खोलीपर्यंत ऐकूं येईल अशा बेताच्या आवाजांत सांगितली. सरमा त्याहि रात्रीं फेरींत आमच्या खिडकीखालीं नेहमींइतकीच थांबली.

वडील २०११ त गेले. महिनाभर ती डावी वहाण तोंडांत घेऊन तलावाच्या वाटेवर ओढीत नेई. मग तिनें तो नाद सोडला. पुढच्याच वर्षीं वाटण्या झाल्या. निमित्त रस्त्याकडच्या दोन खोल्यांच्या भाड्याचें. त्या वेळीं आम्हीं वडीलपणाच्या तोऱ्यांत जे शब्द वापरले ते मागें घेतां येण्यासारखे नव्हते. धाकटे बंधू बायको आणि दोन मुलें घेऊन त्रिमूर्तिनगरांत तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेले. तांब्याचा बंब, पितळी हंडे, चांदीचें ताम्हन यांची यादी झाली होती; सरमेचें नांव कोणीच घातलें नव्हतें. आणली त्यांनीं, म्हणून ते तिला घेऊन गेले. तेथें तिनें तीन दिवस अन्नाला तोंड लावलें नाहीं. परत आणून सोडली, तर येथें फेरी संपेना. अकरांचीं सहा माणसें झालेलीं. वडिलांचा शोध तिनें थांबविला होता, पण या चौघांचा थांबवीना, कारण वहिनी मुलांना घेऊन आईला भेटावयास येत आणि वास ताजा होई. बंधू त्यांना बडकस चौकांत उतरवून तेथूनच मागें फिरत. दोन वर्षें ते दिंडीच्या आंत आले नाहींत.

आठव्या वर्षीं तिच्या मागच्या पायांतलें बळ जाऊं लागलें. कमरेच्या सांध्याचें हें दुखणें या जातीच्या पांचवीला पुजलेलें. त्या पावसाळ्यांत ओसरीवर झड येऊं लागली, तेव्हां एके रात्रीं आई आपण होऊन उठली, दार उघडलें आणि म्हणाली, "ये आंत, भिजूं नको." सरमेनें उंबरठ्यावर हनुवटी टेंकली आणि शेपूट हलविली, आंत पाऊल घातलें नाहीं. शेवटीं आईनेंच आपली जुनी घोंगडी तिच्यावर टाकली आणि रात्रीं साडेअकराला थंड पाण्यानें स्नान केलें.

२०१४ च्या तान्ह्या पोळ्याला बंधूंच्या धाकट्यानें हट्ट धरला कीं बैल महालांतच मिरवावयाचा आणि बाबांनीं बघावयाचा. बंधू आले. आमच्याकडे न पाहतां "दादा, येतों लगेच," एवढेंच म्हणाले आणि मुलाबरोबर गल्लींत उतरले. सरमा उठली. पाय ओढीत ती रांगेच्या कडेनें एक पुरी फेरी फिरली. मुलांनीं तिच्यासाठीं बैल हळूं चालविले. संध्याकाळीं सगळे वाड्यांत परत आल्यावर तिनें खिडक्यांची फेरी घेतली, दिंडीशीं आली आणि आडवी झाली.

साडेआठाला बंधू निघाले. ती हलली नाहीं. हांक मारली, पोळीचा तुकडा दाखविला. तिनें मान वळविली. ओलांडून जावें तर शेपटीवर पाय पडावयाचा. बंधू थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग आमच्याकडे पाहून म्हणाले, "दादा, ही उठत नाहीं."

आम्ही म्हणालों, "मग राहा."

आईनें पानें वाढावयास घेतलीं. भाड्याचें बोलणें त्या रात्रीं निघालें नाहीं. पुढेंहि बरेच दिवस त्याचा निकाल लागला नाहीं. सकाळीं बंधूंना कचेरी होती. साडेसातला त्यांनीं चहा घेतला, मुलें बूट घालून आलीं, तेव्हां सरमा आपणच उठली आणि बंगईखालीं जाऊन निजली.