खण आणि बद्द

गाडी जॅकवर चढवली आणि तिचं दार उघडेना. जमिनीवर असताना उघडत होतं. कुरकुरत का होईना, उघडत होतं. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून चहाचा मग हातात धरून बघत होते. म्हणाले, "खाली घे तिला. कंबर गेलीय."

आजोबांना गाडीची कंबर कुठे असते ते ठाऊक होतं, मला नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की ही १९७२ सालची एमजीबी आहे, दोन माणसांची, बिनछपराची, आणि ती आता माझी आहे. ऑक्सफर्डशरमधल्या एका शेतावरच्या कोठारात ती वीसेक वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि झाकलेली गाडी उघड्यावरच्या गाडीपेक्षा लवकर सडते, हे ज्ञान मला पैसे मोजून झाल्यावर मिळालं. आईला फोनवर फोटो पाठवला. तिने विचारलं, "चालते का रे?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग तू ती कशात बसून आणलीस?"

कोठारापासून ॲबिंग्डन जेमतेम दहा मैल. म्हणजे गाडी जन्मगावाच्या वेशीवरच सडत होती. एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस, सायकलींच्या धंद्यातून वर आलेल्या विल्यम मॉरिसचं ऑक्सफर्डमधलं दुकान. तिथला व्यवस्थापक सेसिल किंबर, त्याने मॉरिसच्या साध्या संसारी गाड्यांना चपळ अंगं चढवायला सुरुवात केली आणि १९२९मध्ये सगळा पसारा ॲबिंग्डनच्या एका जुन्या चामड्याच्या कारखान्यात नेला. एमजीबी १९६२ साली आली. पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यातल्या पुष्कळ अमेरिकेला गेल्या, आणि ऑक्टोबर १९८०मध्ये कारखान्याला टाळं लागलं. आजोबा या कारखान्यात नव्हते. पण त्यांच्या तरुणपणी या भागात निम्मा गाव कुठल्या ना कुठल्या गाडीच्या कारखान्यात जायचा, त्यामुळे पत्र्याची भाषा त्यांना यायची.

तर कंबर. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. वर छप्पर नाही, तेव्हा पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं काम दारांखालच्या दोन पोकळ पेट्यांवर येतं. इंग्रजीत त्यांना सिल म्हणतात. सिल म्हणजे उंबरठाच, आणि मी मनात तोच शब्द ठेवला. बाहेरून एकच पत्रा दिसतो. आत आणखी एक पत्रा, दोघांच्या मधे उभा पडदा आणि तळाला एक नागमोडी पट्टी. उंबरठा कुजला की गाडी मधोमध वाकते आणि दार चौकटीत आवळलं जातं. जॅकने तेच दाखवलं होतं.

आजोबांनी छोटा हातोडा आणला आणि उंबरठ्यावर पुढून मागे हलकेच वाजवत गेले. खण, खण, बद्द, बद्द, बद्द. माझी आजी बाजारात माठ घेताना अगदी अशीच बोटाच्या पेराने वाजवायची. कुंभाराने कितीही शपथा घेतल्या तरी ती फक्त कान देऊन ऐकायची. बद्द वाजला की पुढचा माठ. या गाडीत पुढचा माठ नव्हता.

खरं तर तोही होता. विटनी इथे, आमच्याच परगण्यात, जुन्याच साच्यांवर एमजीबीचे नवे कोरे सांगाडे आजही ठोकले जातात. १९८८पासून मिळतात. जुनं इंजिन, चाकं, खुर्च्या त्यात घाला की गाडी तयार. मी तो घेतला नाही. यात तत्त्वबित्त्व काही नव्हतं, पैसे नव्हते.

उंबरठा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्यांचे आडवे टेकू लावून ती जखडावी लागते, नाहीतर कापता कापता गाडी आणखी बसते. ते केलं आणि ग्राइंडर चालवला. सगळ्यात वर रंग. त्याखाली जाड लांबी. लांबीखाली कुंपणाची तारेची जाळी. जाळीमागे कोंबलेलं वर्तमानपत्र. घोड्यांच्या शर्यतींचे निकाल नीट वाचता येत होते. तारीख फाटलेली, साल १९८४. आणि त्याच्या आत, जिथे तीन पत्रे असायला हवे होते तिथे, तपकिरी भुसा.

हिवाळ्यात रस्ते गोठू नयेत म्हणून इथे चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं खडेमीठ फासतात. ते खारं पाणी उंबरठ्याच्या पेटीत शिरतं, निचऱ्याची भोकं चिखलाने बुजलेली असतात, आणि बरणीत लोणचं मुरावं तसा पत्रा आत मुरत राहतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून फुगवतो. आपल्याला फोड दिसतो तेव्हा आतली पंगत उठलेली असते.

त्या वर्तमानपत्रवाल्याला मी आठवडाभर शिव्या दिल्या. मराठीत, म्हणजे आजोबांना कळू नये. मोटारवेने सत्तर मैलांच्या वेगाने जाणारी गाडी याने शर्यतीच्या निकालांवर उभी केली होती! पुढे राग जरा ओसरला. त्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं: गाडीची वार्षिक तपासणी दोन दिवसांवर, खिसा रिकामा, अंगणात दिव्याच्या उजेडात गुडघ्यावर बसून कालवलेली लांबी. त्याच्या बोटांचे ठसे लांबीत आतल्या बाजूला जसेच्या तसे उमटले होते.

मी संध्याकाळच्या वर्गात वेल्डिंग शिकलो. पातळ पत्र्याला जरा जास्त आच लागली की भोक पडतं, कमी पडली तर टाका नुसता वर बसतो आणि चिमटीने निघून येतो. शिकवणारे म्हणाले, डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा ठेव, नीट चाललेलं वेल्डिंग कढईत बेकन तळल्यासारखं वाजतं. मला ते तव्यावर टाकलेल्या धिरड्यासारखं वाटलं. फटफट, थुंकल्यासारखा आवाज आला की थांबायचं. एका टाक्याशेजारी लगेच दुसरा घातला तर पत्रा तापून पापडासारखा वाकतो, म्हणून टाके लांब लांब घालत यायचं, शिंपी आधी कच्चे टाके घालतो तसे. दोन हिवाळे यात गेले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. थंड फरशी, जळके मोजे.

पण गाडी दुरुस्त करणं हे इतकं कानाचं काम असेल असं वाटलं नव्हतं. तारेच्या आऱ्यांची चाकं पान्याने एकेक आरी वाजवून तपासायची. ताणलेली आरी तंबोऱ्यासारखी बोलते, सैल आरी मुकी. किल्ली फिरवली की मागे पेट्रोलचा पंप टकटकतो, आणि तो गप्प राहिला तर उतरून त्याला हलकीशी टपली मारण्याची रीत आहे. इंजिनाला दोन कार्ब्युरेटर, एसयू कंपनीचे. दोघांनी सारखी हवा ओढायला हवी. ती मोजायला यंत्रं मिळतात, पण आजोबांनी रबरी नळीचा तुकडा दिला. एक टोक कानाशी, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी. दोन्हीकडचा फुसफुसाट एकसारखा येईपर्यंत स्क्रू पाव-पाव फिरवत बसायचं. मी तासभर तसा बसलो होतो. रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंनी मला बरं वाटत नाही का, असं विचारलं.

डॅशबोर्डमागे मूळ रंग सापडला. कंपनी त्याला टील ब्लू म्हणायची, मी मोरपंखी म्हणतो. वायरिंगचा विषय सोडून देतो; ब्रिटिश गाड्यांच्या विजेवरचे विनोद गाड्यांइतकेच जुने आहेत.

आता ते सांगायला हवं. मागची डावी पाट्यांची स्प्रिंग जिथे पुढून अडकते, तिथला पत्रा पातळ झाला होता. फेब्रुवारी होता, गॅस संपत आला होता, मी कंटाळलो होतो. पातळ पत्र्यावरच वरून एक ठिगळ लावलं, कडेने वेल्डिंग केलं, त्यावर काळ्या रबरी लेपाचे दोन हात दिले. छान दिसलं. शिवाय मे २०१८पासून इथे चाळीस वर्षांवरच्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्ती नाही. कुणी बघणार नव्हतं. महिनाभराने दुसरंच काही शोधत गाडीखाली पडलो होतो. हातात हातोडा होता. सवयीने तिथे टोला पडला.

बद्द.

मी तसाच पडून राहिलो. माझ्याकडे वर्तमानपत्र नव्हतं एवढाच फरक. पुढच्या माणसाला लेपाखाली माझं ठिगळ सापडेल तेव्हा तो कुठल्या भाषेत शिव्या देईल, असंही मनात आलं.

स्प्रिंग उतरवली, ठिगळ उडवलं, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत गेलो. चार शनिवार गेले. मग सक्ती नसताना मी होऊन तपासणीची वेळ घेतली. आजोबा माझ्या शेजारी बसून आले, दोन मैलांत एक शब्द बोलले नाहीत, इंजिन ऐकत होते.

तपासनिसाने गाडी वर उचलली आणि हातोडा घेतला. उंबरठे वाजवले, खण, खण. ब्रेकच्या नळ्यांवर बॅटरी मारली. डाव्या स्प्रिंगपाशी आला, एकदा ठोकलं, न थांबता पुढे गेला. मी आजोबांकडे पाहिलं. ते आढ्याकडे बघत होते.

गाडी खाली आली. तो आत बसला, दिवे लावले, वायपर फिरवले, मग सुकाणूच्या मधोमध अंगठा दाबला. पुन्हा दाबला. मग कागदावर नापासची खूण केली. हॉर्न वाजत नव्हता.