पाटी आणि भिंत

तुळजापूरला घर बांधायला काढलं तेव्हा मिस्त्रीला सहज विचारलं, "प्रमाणपत्र आहे का हो?"

तो म्हणाला, "साहेब, नळदुर्गच्या पाणीमहालाला कुणी मागितलं व्हतं?"

मी गप्प! १९७२ च्या कायद्यानं, वास्तुकला परिषदेत नोंद नसेल तर 'आर्किटेक्ट' म्हणवता येत नाही. मात्र इमारतीचा आराखडा करायला मनाई नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं. म्हणजे बंदी पाटीला, भिंतीला नाही!

पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवली. सास्तूरला मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या.

म्हटलं, "कागद राहू द्या, तेवढा लिंटेलचा पट्टा सलग घाला."

"धरलाय की आधीच," तो म्हणाला. "माझा मामा सास्तूरचाच व्हता."